पोपट उस्तादांचे जोड

भुताच्या गोष्टी मला स्वतःला आवडत नाहीत. सांगणारा मीठमसाला लावतो आणि ऐकणारे माना डोलावतात. त्यामुळे ही लिहावी की नाही, ह्यात माझे सहा-सात महिने गेले.

पण हे माझ्यासोबत घडलं आहे. नीट सांगायचं तर माझ्या तोंडात घडलं आहे.

हो, तोंडात. जेवत असाल तर नंतर वाचा.

ह्यात रात्र नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. २०२४ चा पितृपक्ष. ठाण्याला कोलशेत रोडच्या आत माझा गाळा आहे, तिथे. वेळ दुपारी दोन-अडीचची. बाहेर डंपरची धडधड, समोर चहाची टपरी, डोक्यावर तापलेले पत्रे. इतक्या लख्ख उजेडात झालं म्हणूनच "भास झाला असेल" असं मला म्हणता येत नाही.

मी प्रफुल्ल. गाड्यांचं वायरिंग करतो. राहायला डोंबिवली वेस्टला. घरी बायको निशा आणि सहा वर्षांची मुलगी सान्वी.

माझी एक खोड आधीच सांगतो. मला किळस फार लवकर येते. दुसऱ्याच्या ग्लासातलं पाणी मी पीत नाही. शेजारी कोणी पचकन थुंकलं की मी जागा बदलतो. निशा मला सोवळेबुवा म्हणून चिडवते. तंबाखू, गुटखा, साधी सुपारीसुद्धा मी जन्मात कधी तोंडात घातलेली नाही.

कधीच नाही.

गाडी होती कोलशेत गावातल्या महेंद्रशेठची. त्यांच्या वडिलांनी, दौलतशेठनी, जमिनीचे पैसे आले तेव्हा हौसेने घेतलेली. नव्वदच्या आसपासची, परदेशी, दोन दारांची, लाल. इतकी बसकी की आत शिरायचं म्हणजे अंगाची घडी करावी लागते. वडील गेले आणि गाडी बारा वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. वायरींवरचं प्लास्टिक कडक झालेलं. हात लावला की पापडासारखं मोडायचं.

"परफुल, नवरात्रान टेंभी नाक्यावर देवीला जावाचं हाय ह्या गारीन," महेंद्रशेठ म्हणाले. "सगली वायरिंग नवी टाक. जुना एक तुकरा नको."

पितृपक्षात नवीन काम हातात घेऊ नये म्हणतात. पण दसऱ्याला गाड्यांची पूजा असते, त्याआधी सगळ्यांना गाड्या हव्या असतात. गॅरेजवाल्याला पितृपक्ष पाळून चालत नाही.

जुन्या गाडीचं वायरिंग बदलायची एक पद्धत असते. जुनं कापून फेकायचं नाही. सगळा जुडगा, आम्ही त्याला हार्नेस म्हणतो, अखंड बाहेर काढायचा. प्लायवूडवर पसरायचा. जिथे वळण तिथे खिळा मारायचा आणि त्याच्यावरच मापाने नवीन वायरी टाकत जायचं. जुना शाबूत असेल तरच नवा नीट होतो.

पहिल्या दिवशी मी तो बाहेर काढायला बसलो.

बसलो म्हणजे उलटा झोपलो. डोकं पेडलपाशी, पाय सीटच्या पाठीवर. ह्या गाडीत दुसरा मार्गच नाही. डॅशबोर्डचं झाकण काढलं आणि माझ्या छातीवर काहीतरी पडलं.

उंदराचं घरटं. सीटचा फोम, कागद, आणि त्यात वाळून चिकटलेली चार पिल्लं.

मी बाहेर येऊन साबणाने दोनदा हात धुतले. शर्ट बदलला. एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं.

परत आत शिरलो. फ्यूजबॉक्सच्या मागे कोणीतरी पूर्वी वायरी जोडलेल्या होत्या. काळ्या टेपचे जाड जाड जोड. एक जोड सुटेना. उजव्या हातात पक्कड, डाव्या हाताने वरचं सॉकेट धरलेलं, तिसरा हात देवाने दिलेला नाही.

मग मी तेच केलं, जे मी नव्या वायरीला रोज करतो. दातांनी सोललं.

आमच्यात बरेच जण करतात. वायर दातांत धरायची, किंचित दाबायची, ओढायची. प्लास्टिक निघून येतं. घाणेरडी सवय आहे, मान्य. पण मी फक्त कोऱ्या वायरीला दात लावायचो. जुन्याला कधीच नाही. त्या दिवशी कसा विसरलो, देव जाणे.

टेप दातांत आली आणि...

ती ओली होती.

बारा वर्षं बंद असलेली गाडी. वायरी पापडासारख्या वाळलेल्या. आणि हा जोड ओला. कोमट. दाबल्याबरोबर त्यातून काहीतरी जिभेवर उतरलं.

तंबाखू. चुना लावून मळलेला आणि चघळून झालेला तंबाखू.

मी कसा बाहेर पडलो ते आठवत नाही. गटारापाशी जाऊन थुंकलो. थुंकी तपकिरी होती. बाटलीभर पाण्याने गुळण्या केल्या. टपरीवरून मीठ आणलं, मिठाने दात घासले. चव जाईना.

मग मी तो जोड उजेडात धरून बघितला. आता तो वाळलेला होता. खडखडीत.

पण टेप गुंडाळायची ती पद्धत माझ्या ओळखीची होती. तीन वेढे सरळ, चौथा उलटा. आणि वायरीच्या प्लास्टिकवर दातांच्या खुणा. वरच्या चार दातांच्या. त्यात एकाची जागा रिकामी.

अख्ख्या कल्याण-ठाण्यात असा जोड एकच माणूस मारायचा.

पोपट उस्ताद.

विठ्ठलवाडी स्टेशनाच्या मागे त्यांचं दुकान होतं. मी आठ वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलो. माझ्या पोटाला आज जे मिळतं ते त्यांच्यामुळे. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात चोवीस तास तंबाखू. तंबाखूच्याच तोंडाने वायर सोलायचे, टेपचं टोक ओठांत धरायचे. वरचा एक दात पडलेला, त्या फटीतून थुंकायचे. पचकन नाही. बारीक आवाज व्हायचा, चिळकांडी उडाल्यासारखा.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. तोंडाच्या कॅन्सरने.

महेंद्रशेठना फोन केला. ते म्हणाले, "हा, बापानं इठ्ठलवारीला कोनाकरं तरी काम करून आनलेलं. का रं?"

"काही नाही शेठ, सहज," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी घरी गेलो. सान्वी रोज दारातच माझ्या गळ्यात पडते आणि गालाचा पापा घेते. त्या दिवशी ती धावत आली, माझ्या तोंडाजवळ आली आणि...

मागे सरकली.

"शी! बाबा, तुझ्या तोंडाला घाण वास येतोय."

निशाने माझ्याकडे बघितलं. तिच्या भावाचं तोंड गुटख्याने दोनच बोटं उघडतं. तो वास तिला झोपेतही कळतो.

"काय खाल्लंत?" तिने विचारलं.

"काही नाही."

"खरं सांगा."

"अगं, आईशप्पथ काही नाही."

तिने नंतर माझ्या पँटचे खिसे तपासले. मी बघितलं. 

दुसऱ्या दिवशी हार्नेस प्लायवूडवर पसरला. नवीन वायरींचे अकरा जोड मारले. स्ट्रिपरने सोलून, सोल्डर करून, वर रबरी नळी चढवून. दात अजिबात लावले नाहीत. दुपारी जेवायला बसलो. निशाने दिलेली भेंडी आणि चपाती.

पहिला घास... तंबाखू.

दुसरा घास... तंबाखू.

डबा तसाच बंद केला. आणि गाळ्याच्या आतल्या बाजूने, गाडीकडून, तो आवाज आला.

बारीक. चिळकांडी उडाल्यासारखा.

गाळ्यात मी एकटा होतो.

उठून बघितलं. गाडीच्या उघड्या दारापाशी फरशीवर तपकिरी थेंब. ताजे. शेजारी प्लायवूड होतं. माझे नवे अकरा जोड ओळीने दिसत होते.

अकराच्या अकरा जोडांवर दातांच्या खुणा होत्या.

चार दात. एकाची जागा रिकामी.

मी माझे दात मोजले. आरशात बघून, जीभ फिरवून. माझे सगळे दात जागेवर आहेत.

पुढचे दोन दिवस मी काय खाल्लं ते विचारू नका. दूध, केळं, जे न चावता गिळता येईल ते. वास वाढत गेला. समोरचा टपरीवाला, जो मला दहा वर्षं ओळखतो, तो म्हणाला, "काय रे, तू पण सुरू केलास?" सान्वी रात्री माझ्याकडे पाठ करून, आईच्या पलीकडे झोपायला लागली. तिने माझ्या उशीवर आपला रुमाल टाकून ठेवलेला, वास येऊ नये म्हणून. सहा वर्षांच्या पोरीला बापाची किळस येते, हे बघणं फार वाईट असतं. निशाने बोलणंच टाकलं.

चौथ्या दिवशी मी परत डॅशबोर्डच्या खाली झोपलो. नवा हार्नेस आत बसवत होतो. दोन्ही हात वर अडकलेले. तेव्हा...

माझ्या हनुवटीवर कोणीतरी बोट मारलं.

टक टक. दोनदा.

बोट खरखरीत होतं. सोल्डरने पोळलेल्या बोटासारखं.

मी ओरडून उठलो. स्टिअरिंगच्या दांड्यावर कपाळ आपटलं, तीन टाके पडले. गाडीत कोणी नव्हतं.

टाके घातले आणि तिथून थेट विठ्ठलवाडी गाठली. उस्तादांच्या बायकोकडे, आवडाबाईंकडे. तीन वर्षांत मी त्या घरी एकदाही गेलो नव्हतो. त्याचं कारण आता सांगावंच लागेल.

उस्ताद शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी मला तीन वेळा निरोप धाडला. तिसऱ्या निरोपाला मी गेलेलो. दारातच तो वास आला. सडलेल्या मांसाचा, औषधाचा आणि तरीही तंबाखूचा. आत खाटेवर ते होते. अर्धा गाल नव्हता. भोकातून लाळ उशीवर गळत होती. त्यांनी मला बघितलं आणि हात वर केला. ये म्हणून.

मी आत गेलो नाही.

मोसंब्यांची पिशवी उंबऱ्यावर ठेवली. ज्याला तोंडच उरलं नव्हतं त्याला मोसंबी. आणि बाहेर जाऊन त्यांच्या खिडकीखालच्या गटारात भडाभडा ओकलो. खिडकी उघडी होती.

परत गेलो नाही. आठ दिवसांत ते गेले.

आवडाबाईंनी दार उघडलं. 

"ये परफुल्ला. आज वाट चुकलास व्हय?"

मी म्हटलं, "काकी, मला माफ करा. मी त्या दिवशी..."

"आरं, म्हाईत हाय मला. त्यांनी ऐकलंवतं," त्या म्हणाल्या. "खिडकीतनं."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"रागावले का हो?"

"न्हाई रं. त्यांना तुझी काळजी लागलीवती. शेवटी शेवटी येकच खूळ घेतलंवतं डोक्यात. हाताखाली शिकल्याली जेवढी पोरं हायत, तेवढ्यांना बोलवून घ्यायचे. बोलाया तर यायचं न्हाई. मग असं करायचे..."

आणि आवडाबाईंनी हात पुढे करून माझ्या हनुवटीवर बोट मारलं.

टक टक. दोनदा.



"म्हंजी, आ कर," त्या म्हणाल्या. "तोंड उघडून दाव. मग बॅटरी मारून बघायचे, आत बोट फिरवायचे. गाठ हाय का, डाग हाय का. ह्येच शिकवलं ना मी पोरांना, वायर दातात धराया, म्हणून रडायचे. सगळी पोरं दावून गेली. देवेश, विनीत, समदी. विनीतला तर दवाखान्यात धाडला त्यांनी, वाचला त्यो. तू येकटा ऱ्हायलास."

 त्यांनी चहा ठेवला. चहाला तीच चव होती. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाळ्यात आलो. शटर अर्धं ओढलं. तुम्ही म्हणाल, गाडी परत द्यायची, काम सोडायचं. पण काम सोडून माझ्या तोंडाचा वास जाणार होता का? सान्वी परत माझ्याजवळ येणार होती का? ह्या तोंडाने मला आयुष्य काढायचं होतं.

गाडीच्या बॅटरीची दोन्ही टोकं स्वतःच्या हाताने काढून ठेवली. टेस्ट लॅम्प घेतला. टेस्ट लॅम्प म्हणजे एक छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी, करंट आहे का बघायला. तो छातीवर ठेवला आणि डॅशबोर्डच्या खाली उलटा झोपलो.

पाच मिनिटं काही नाही.

बाहेरच्या डंपरचा आवाज बंद झाला. टपरीवरचा रेडिओ बंद झाला.

मग वास आला. दारातला तो वास. सडलेला.

आणि छातीवरचा बल्ब... लागला.

त्याच्या वायरी कशालाच जोडलेल्या नव्हत्या. बल्ब हळूहळू वर सरकला. माझ्या गळ्यापाशी. माझ्या ओठांपाशी.

टक टक.

मी डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं.

बोट आत आलं.

ते मला शब्दांत सांगता येणार नाही, तरी सांगतो. जाड, खरखरीत, थंड. नखात चुना. ते माझ्या खालच्या हिरड्यांवरून फिरलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, जसे उस्ताद वायरीवरून बोट फिरवून तुटलेली जागा शोधायचे तसं. मग जिभेखाली. मग टाळूला. माझ्या गालावर वरून काहीतरी थेंब थेंब पडत होतं, कोमट आणि चिकट, आणि ते ओघळून माझ्या कानात जात होतं. मला उलटी येत होती. घशापर्यंत आलेली. मी ती गिळली. दोनदा गिळली. ह्या वेळी तोंड फिरवायचं नाही, एवढंच मनात घोकत होतो.

डाव्या गालाच्या आत, शेवटच्या दाढेच्याही मागे, बोट थांबलं.

तिथे दाबलं. एकदा. मग परत, जोरात.

डोळ्यांतून पाणी आलं.

मग बोट निघून गेलं. बल्ब विझला. बाहेर टपरीवर जाहिरात लागलेली ऐकू आली.

मी बाहेर येऊन गटारात सगळं ओकलो. मग चूळ भरली.

पाण्याला पाण्याची चव होती.

घरी माणकोली पुलावरून गाडी कशी हाणली ते माझं मला माहीत. सान्वी दारात उभी होती. लांबूनच नाक पुढे करून तिने वास घेतला आणि मग गळ्यात पडली. मी लहान मुलासारखा रडलो. निशा घाबरली. त्या संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. तिने विश्वास ठेवला की नाही, मला माहीत नाही. पण दुसऱ्या सकाळी तीच मला डोंबिवलीतल्या दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

मी त्यांना फक्त जागा दाखवली. त्यांनी छोटा आरसा आत घातला, बराच वेळ बघितलं.

"डाग आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलं कसं? इथे तर जीभसुद्धा पोचत नाही. दुखत होतं?"

"नाही."

"तंबाखू किती वर्षं खाता?"

"कधीच नाही खाल्ला."

त्यांनी निशाकडे बघितलं आणि केसपेपरवर काहीतरी लिहिलं. मी वाचलं. तंबाखू : होय. मी भांडलो नाही.

तो तुकडा कापून तपासायला पाठवला. अजून कॅन्सर नव्हता, पण सहा महिने थांबलो असतो तर झाला असता, असं रिपोर्ट बघून मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. मग आजूबाजूचाही भाग काढला. महेंद्रशेठची गाडी वेळेत गेली. नवरात्रात ते ती टेंभी नाक्याला घेऊन गेले, फोटोही पाठवला.

म्हणजे उस्तादांनी मला वाचवलं. हे मला कळतं. त्यांच्या फोटोला हात जोडायला हवेत, आणि मी जोडतो. पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो. ते बोट आठवलं की मला कृतज्ञता वाटत नाही. किळस वाटते. निव्वळ किळस. आणि मग त्या किळसेची लाज.

ऑपरेशननंतर दहा दिवस मी घरी होतो. गालाच्या आत जखम, तिच्यावर कापसाची घडी. ती दिवसातून तीनदा बदलायची. जखमेला वास यायचा. माझा मलाच सहन व्हायचा नाही. निशा रोज माझं तोंड उघडून, बॅटरी धरून, जुनी घडी काढायची आणि नवीन ठेवायची. मी प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. तिने एकदाही नाक मुरडलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी मी झोपलो होतो. निशा सान्वीला शाळेतून आणायला गेलेली. दाराला बाहेरून कुलूप.

ती आली, मला उठवलं, म्हणाली, "आ करा, घडी बदलते."

मी तोंड उघडलं. तिने आत बघितलं आणि थांबली.

"तुम्हीच बदललीत का?"

माझ्या तोंडात स्वच्छ, नवी घडी होती. नीट बसवलेली. आणि उशीजवळ, चादरीवर, जुनी पडलेली होती. निशाने ती चिमटीत उचलली. तिच्यावर बोटाचा तपकिरी ठसा होता.

तिने ती नाकाशी नेली.

"हो," मी म्हटलं. "मीच बदलली."

आणि बाथरूममध्ये पळालो. दार लावलं. ओकायच्या आधी नळ पूर्ण सोडला, बादलीत पाणी धो धो पडायला लागलं तेव्हाच वाकलो.

ह्या वेळी उस्तादांना ऐकू जायला नको होतं.